बोटीवरचं कार्य: बडोदेकर नेहमी विचारतात ते प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांची कार्यं आम्ही करून देतो. जेवण, वाढपी, सजावट, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं आमच्याकडे असतं. अलीकडे फोनवर "बोटीवर करता येईल का हो?" असं बरेच जण विचारतात. त्यांना सांगावं लागतं ते सगळं इथे एकदा लिहून ठेवलं आहे. तारीख ठरवायच्या आधी वाचा, कारण बोटीचं वेळापत्रक तुमच्या पत्रिकेसाठी बदलत नाही.

बडोद्याला समुद्र नाही, मग बोट आणायची कुठून?

आपणच बोटीकडे जायचं. गावातून विश्वामित्री वाहते, पण ती मगरींची. बडोद्याहून गाठता येण्यासारखे पर्याय मोजकेच आहेत.

कौटुंबिक कार्यासाठी आम्ही पहिलं नाव घेतो एकतानगरचं, म्हणजे जुन्या केवडियाचं. रस्त्याने साधारण ९० किलोमीटर. वरती सरदार सरोवर धरण, खाली गरुडेश्वरचा बंधारा, आणि मधल्या पट्ट्यात नर्मदा अडून संथ झालेली. इथे ऑक्टोबर २०२० पासून एकता क्रूझ ही फेरीबोट चालते. श्रेष्ठ भारत भवनापासून १८२ मीटरच्या सरदार पुतळ्यापर्यंत सुमारे सहा किलोमीटर, साधारण चाळीस मिनिटं, बोट दोनशे प्रवाशांची. लाटा जवळपास नाहीतच, त्यामुळे पानातलं वाढलेलं पानात राहतं. शिवाय गरुडेश्वर हाकेच्या अंतरावर. टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन मग बोट, असा बेत ज्येष्ठ मंडळींना फार आवडतो. सोमवारी तिथलं पर्यटन बंद असतं, हे मात्र आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरा पर्याय खऱ्या समुद्राचा: सुरतजवळच्या हजीऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला जाणारी रो-पॅक्स फेरी. ही सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा पडतो, तो समुद्रातून ९० किलोमीटरच्या आसपास येतो आणि साडेतीन-चार तासांत माणूस पलीकडे पोहोचतो. खालच्या डेकवर ट्रक आणि मोटारी, वर प्रवाशांची बैठक आणि खाण्यापिण्याची सोय. व्याही भावनगरचे असतील तर याच्यासारखी मजा नाही. पण ती जाऊन लगेच परत येण्याची सहल नव्हे. रात्री भावनगरला मुक्काम धरूनच हिशेब मांडा.

तिसरा पर्याय अहमदाबादचा. साबरमतीत रिव्हरफ्रंटवर २०२३ पासून तरंगतं उपाहारगृह चालतं. एक्सप्रेसवेने बडोद्याहून जाऊन रात्री घरी परतता येतं. तिथे जेवण मात्र बोटीवाल्यांच्या स्वयंपाकघरातलं, म्हणजे आमचं तिथे फारसं काम नाही. वीस-पंचवीस जणांच्या वाढदिवसाला आम्ही प्रामाणिकपणे तिकडेच पाठवतो.

अलिबागकडे माहेर असलेल्या काही घरांसाठी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रोही बरी पडते. ती मार्च २०२० पासून आहे.

दहेज तर हजीऱ्यापेक्षा जवळ. तिथून घोघ्याला फेरी होती ना?

होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली आणि अंतर ३१ किलोमीटरवर आलं. पण नर्मदेच्या मुखाशी गाळ इतका साचतो की दहेजच्या धक्क्याला बोटीपुरती खोली राहीना, आणि ती फेरी थांबली. जुन्या बातम्या वाचून दहेजचं नियोजन करू नका.

सूरसागर किंवा हरणी तलावात छोटं काही होईल का?

नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीला आलेली बारा शाळकरी मुलं आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. सूरसागरातही १९९३ मध्ये बोट उलटून माणसं गेली होती. त्यामुळे या पानावर पुढे जिथे जिथे आम्ही हटवादी वाटू, तिथे हे कारण समजा.

चांदोदच्या संगमावरच्या होड्यांबद्दलही विचारणा होते. त्या होड्या दर्शनाच्या आणि अस्थिविसर्जनाच्या. जॅकेट घालून वीस मिनिटं फिरून या, पण त्यात ताटं मांडायची नाहीत.

बोटीवर कोणतं कार्य शोभतं?

डोहाळजेवण, पहिलं तेच. आपल्याकडे बागेतलं, झोपाळ्यावरचं, चांदण्यातलं, तसंच नावेतलं डोहाळजेवण पूर्वीपासून आहे. बहुतेकांनी ते दिवाणखान्यात थर्माकोलची होडी करून केलेलं असतं. खऱ्या पाण्यावर, फुलांची वाडी भरलेली मुलगी मधोमध बसलेली आणि भोवती बायका डोहाळे म्हणताहेत, हे दृश्य कोणत्याही हॉलला जमणार नाही.

त्याखालोखाल केळवण, साठी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्तीचा निरोप. साखरपुडाही होतो, पण अंगठ्या डेकवर कठड्याला टेकून घालू नका. आत, टेबलाजवळ. का, ते सांगायला नकोच.

लग्न आणि मुंज आम्ही बोटीवर घेत नाही. होम पेटवता येत नाही, मातृभोजनाला बैठक लागते, आणि दीडशे माणसांना एकाच वेळी अक्षता टाकायला एका बाजूला गोळा करणं सारंगाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, चालत नाही. विधी गरुडेश्वरला किंवा घरी करा, आणि दुसऱ्या दिवशी निवडक मंडळींना घेऊन बोटीवर या. सगळं पाण्यावरच झालं पाहिजे हा हट्ट सोडला की कार्य निम्म्या खर्चात दुप्पट छान होतं.

गरोदर मुलीला बोटीत न्यावं का?

सातव्या महिन्यात, तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर एकतानगरच्या संथ पाण्यात हरकत नसते. समुद्रातली चार तासांची फेरी आम्ही सुचवत नाही. बडोदा ते एकतानगर दीड-दोन तास गाडीत बसून लगेच बोटीत चढवू नका. मध्ये तासभर आडवं पडायला खोली ठेवा. चढण्या-उतरण्याच्या फळीवर तिच्या दोन्ही बाजूंना माणूस हवा. तिथे फोटोग्राफर मध्ये येऊन उभा राहतो, त्याला आधीच सांगून ठेवतो आम्ही. आणि मोगऱ्याचा वास बंद जागेत काहींना सहन होत नाही. वाडी कशाची भरायची ते मुलीलाच विचारा, सासूबाईंना नंतर.

पूर्ण बोट घ्यायची की चालू फेरीतला एक भाग?

पूर्ण बोट घेतली की वेळ, गाणी आणि बैठक तुमच्या हातात राहते, पण खर्च माणशी न पडता बोटीशी पडतो. तीस माणसांसाठी दोनशेची बोट घेणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना जेवू घालणं. चालू फेरीत काही जागा किंवा एखादं दालन राखून घेतलं तर स्वस्त पडतं, पण बाकीचे प्रवासी असणारच. ते तुमच्या केकचे फोटो काढतील, त्यांची मुलं फुगे मागतील. बडोदेकरांना याचं फारसं काही वाटत नाही असा आमचा अनुभव आहे. दोन डबे फरसाण जास्तीचं घेतलं की सगळी बोट आपली होते.

हजीरा–घोघा फेरीवर मुळात माल आणि प्रवाशांची ने-आण हे काम आहे. तिथे चालू फेरीतच समारंभ बसवायचा, आणि तोही आटोपशीर.

किती माणसं नेता येतात? तान्ही बाळं मोजतात का?

बोटीच्या प्रमाणपत्रावर जो आकडा छापला आहे तो अखेरचा. त्यात मुलं धरली जातात, आणि आमचे वाढपी, फोटोग्राफर, गुरुजी, ढोलकीवालाही धरले जातात. फक्त बोटीचे खलाशी वेगळे. म्हणून शंभराची बोट असेल तर आम्ही पाहुणे ऐंशीच्या वर जाऊ देत नाही. उरलेल्या वीस जागांत आमची दहा-बारा माणसं बसतात आणि काही जागा मोकळ्या राहतात. त्या लागतातच, कारण आपल्याकडे निमंत्रणाला "सहकुटुंब" लिहिलं की कुटुंब फुगतं.

नदीतल्या बोटींना आता २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू आहे, त्याआधी १९१७ चा होता. नोंदणी, सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र, विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना, हे चारही कागद बघायला मागा. मागताना संकोच वाटत असेल तर आमच्या नावावर ढकला.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे माणसं कुठे उभी राहतात. पुतळा दिसला की सगळे एकदम एकाच कठड्याशी धावतात आणि बोट त्या बाजूला कलते. मोठ्या बोटीला काही होत नाही, पण बुफेच्या टेबलावरची भांडी सरकतात. सेल्फीची वेळ आली की आम्ही मुद्दाम दुसऱ्या बाजूला जिलबी सुरू करतो. अर्धी माणसं तिकडे वळतात.

मुहूर्त सकाळी ९ वाजून ४७ मिनिटांचा आहे. बोट तेव्हा सुटेल ना?

नदीवर, पूर्ण बोट तुमची असेल तर जमवता येतं. समुद्रावर भरती-ओहोटीपुढे कोणाचं चालत नाही. खंभातच्या आखातात भरतीची चढ-उतार देशात सर्वांत मोठ्यांपैकी. भावनगरकडे पाण्याची पातळी दहा मीटरच्या आसपास वरखाली होते, म्हणजे तीन मजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि उघडी पडते. प्रवाहही तितकेच जोराचे.

गंमत अशी की भरतीचं गणित तिथीवरच चालतं, तेव्हा पंचांग इथेही उपयोगी पडतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते. रोज भरतीची वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. गुरुजींनी दोन-तीन तारखा दिल्या असतील तर त्यातली अष्टमी-नवमीजवळची निवडा. कोजागरीला समुद्रात बोटीवर दूध आटवण्याची कल्पना ऐकायला छान वाटते, पण ती नेमकी उधाणाची रात्र. कोजागरी नदीवर करा.

मुहूर्ताचा क्षण धक्क्यावर गाठा. अंगठी, औक्षण, पेढा तिथेच. मग शांतपणे बोटीत चढा.

आमच्या मामांनी नर्मदा परिक्रमा उचलली आहे. ते येऊ शकतील का?

परिक्रमेत असताना नर्मदा ओलांडायची नसते, तेव्हा एकतानगरच्या बोटीत ते पाय ठेवणार नाहीत, आणि आग्रहही करू नका. परिक्रमावासींना होडी एकदाच लागते, विमलेश्वरहून मिठीतलाईला, जिथे नदी समुद्राला मिळते. तीही भरतीची वाट बघत बसून. मामा किनाऱ्याने जात असतील तर गरुडेश्वरला त्यांच्या पानाची वेगळी सोय करतो. कांदा-लसूण नको असेल तर तसं कळवा.

पावसाळ्यात करता येतं का?

जून ते ऑगस्ट समुद्रावर नकोच. फेरी सुरू असली तरी हवामानामुळे ती ऐन वेळी रद्द होऊ शकते, आणि साठ पाहुण्यांना हजीऱ्याहून परत आणणं किती महागात पडतं ते तेव्हा कळतं. नर्मदेवर ऑगस्ट-सप्टेंबर अवघड. धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीकडे जाऊ लागलं की दरवाजे उघडतात आणि खालची बोट बंद होते. सप्टेंबर २०२३ मध्ये एवढं पाणी सुटलं की चांदोद, भरूचमध्ये घरांत शिरलं. दिवाळी ते फेब्रुवारीअखेर हा आमचा आवडता काळ. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळची फेरी मिळाली तरच; दुपारी डेकचा पत्रा तापलेला असतो आणि जरीच्या साडीतल्या मावशी आपल्याला माफ करत नाहीत.

जेवण काय ठेवावं?

आधी काय ठेवू नये ते सांगतो. कढी, पातळ वरण, सोलकढी, उघड्या पेल्यातलं ताक, बासुंदी. आणि हो, शेवउसळ. बडोद्याच्या माणसाला शेवउसळीशिवाय पार्टी पूर्ण वाटत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, पण तिचा तर्री आलेला रस्सा, चालती बोट आणि पैठणी, तिन्ही एकत्र ठेवायची आमची तयारी नाही. उतरल्यावर धक्क्यावर गाडा लावू, पोटभर खा.

आता काय चालतं. चमच्याने उचलून न सांडता तोंडापर्यंत जाईल ते सगळं. अळूवडी, कोथिंबीर वडी, सुरळीच्या वड्या, बटाटेवडे, लीलो चेवडो. मसालेभात तर बोटीसाठीच जन्माला आला आहे: कोरडा, सुगंधी, पाच तास डब्यात राहिला तरी बिघडत नाही. हिवाळ्यात ऊंधियू, तोही तेल जरा निथळून. पोळीऐवजी पुरी, पण छोटी आणि घडी न पडणारी. गार पोळी वाऱ्यावर पाच मिनिटांत पापड होते. गोडात श्रीखंड किंवा आम्रखंड. वाटी तिरकी झाली तरी घट्ट चक्क्याचं श्रीखंड जागा सोडत नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही चक्का दोनदा बांधतो आणि भरलेली वाटी उलटी धरून बघतो. खाली आलं तर तो चक्का पुन्हा फडक्यात.

मठ्ठा हवाच असेल तर झाकणाच्या बाटल्यांतून. जिलबी काठावर तळून पाक निथळून आणतो.

बोटीवर गॅसची शेगडी पेटवायची नाही, म्हणून स्वयंपाक एकतानगरला भाड्याच्या स्वयंपाकघरात होतो किंवा पहाटे बडोद्यात. गरम पदार्थ इन्सुलेटेड डब्यांतून जातात. डब्यात तापमान दाखवणारा काटा लावलेला असतो. ६० अंशांच्या खाली आलेलं आम्ही वाढत नाही, यावर कृपया वाद नको. श्रीखंड, दही-वडे, काकडीची कोशिंबीर बर्फाच्या पेटीत. खोबरं घातलेली कोशिंबीर उन्हाळ्यात बंद, कारण ती सगळ्यात आधी आंबते. बुफेच्या भांड्यांखाली जळणारी जेल काही बोटी चालू देत नाहीत, आणि चालू दिली तरी वरच्या डेकच्या वाऱ्यात ती विझते. विजेवर तापणारी भांडी नेतो, पण बोटीची वीज किती वॅट झेपते हे आधी विचारून. चार भांडी एकदम लावली आणि सगळे दिवे गेले, हा प्रकार नको.

वाढायला कागदी पत्रावळी वरच्या डेकवर अजिबात नाहीत, उडतात. कप्प्यांची स्टीलची ताटं वजनदार असतात, ती बरी. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तू देशभर जुलै २०२२ पासून बंद आहेत, तेव्हा थर्माकोलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे चमचे आग्रहाने मागितले तरी मिळणार नाहीत.

केटरर तुमचा असेल आणि आम्ही फक्त व्यवस्थेत असू, तर त्याचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, परवाना बघूनच त्याला बोटीत चढवतो. बऱ्याच बोटी बाहेरचं जेवण आणू देत नाहीत किंवा त्याचे वेगळे पैसे घेतात. हे बुकिंगआधी विचारायचं, नंतर नाही.

पंगत बसवता येईल का?

डेकवर खाली बसून नाही. टेबल-खुर्चीची पंगत छोट्या बोटीत होते, पण वाढपी मधून फिरणार तर मोकळी वाट ठेवावी लागते आणि जागा निम्मी होते. आमचा तोडगा असा: साठीच्या वरच्या मंडळींना आत बसवून वाढायचं, बाकीच्यांनी बुफे. आग्रह करायला घरातलं कोणीतरी जिलबीचं ताट घेऊन फिरवा, तेवढ्याने पंगतीचा आब राहतो.

निरांजन, समई, फटाके?

निरांजन एक, आतल्या बाजूला, सारंगाला विचारून, औक्षणापुरतं. विझवूनच जागा सोडायची. समई एलईडीची. उदबत्ती नको, होम नको. केकवरच्या थुईथुई उडणाऱ्या फुलबाज्या, कोल्ड पायरो, धुराचे फटाके: नाही, नाही, नाही. बोटीवर डिझेल असतं.

दारू चालेल का?

गुजरातेत आहात. बोट गुजरातच्या धक्क्यावरून सुटते आणि गुजरातच्याच धक्क्याला लागते, मध्ये समुद्र आला म्हणून दारूबंदी उठत नाही. मुंबईहून येणारे पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांना पत्रिकेसोबतच सांगून टाका. कोकम सरबत आणि जिऱ्याचा सोडा आमच्याकडे उत्तम मिळतो.

गाणी, डीजे, ऑर्केस्ट्रा?

पूर्ण बोट घेतली असेल तर गाणी लावता येतात, पण रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला भाग पाण्यावरही धरा. लग्न, लग्नाशी जोडलेले समारंभ आणि धार्मिक विधी यांतल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे. कंपनीची पार्टी किंवा सेवानिवृत्तीचा कार्यक्रम असेल तर रेकॉर्डेड गाण्यांचा परवाना घ्यावा लागतो. इंजिनाचा आवाज खालून येतच असतो, म्हणून डीजेचा आवाज लोक वाढवत नेतात आणि शेवटी सारंगाची सूचना कोणालाच ऐकू जात नाही. पेटी, तबला आणि घरातला गाणारा माणूस. नाट्यसंगीत पाण्यावर फार सुरेख लागतं, एवढंच सुचवतो.

ड्रोनवाला फोटोग्राफर ठरवला असेल तर थांबा. धरण आणि पुतळ्याच्या परिसरात लेखी परवानगीशिवाय उडवू नका, जप्त होतो.

आजींना चालवत नाही. व्हीलचेअर जाईल का?

रो-पॅक्स फेरीला गाड्या चढतात त्या उतारावरून व्हीलचेअर जाते, पण वरच्या डेकला जायला जिने असतात. लिफ्ट आहे का ते त्या बोटीपुरतं विचारतो. नदीवरच्या बोटीत खालचा डेक आजींचा. शौचालय कुठे आहे, उंबरा किती उंच आहे, कमोड आहे का, हे आम्ही स्वतः जाऊन बघतो, कारण जेवणापेक्षा जास्त तक्रारी यावरच येतात.

बोट लागते, त्याचं काय?

नदीवर सहसा नाही. समुद्रावर मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा आणि क्षितिजाकडे बघा. मोबाइलमध्ये डोकं घालणारे पहिले आडवे होतात. उपाशीपोटी चढू नका, वडे हादडूनही चढू नका. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. उलटी व्हायला लागल्यावर तिचा काही उपयोग नाही. आलेपाक आणि आवळासुपारी स्वागताच्या तबकात ठेवतोच.

साडीवर लाइफ जॅकेट घालावंच लागतं का? फोटो खराब येतात.

जिथे सांगतील तिथे, सांगतील तेवढा वेळ. नऊवारीवरही बसतं, पदर आधी खोचून घ्या. मुलांची जॅकेटं मापाची हवीत; मोठ्यांचं जॅकेट पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून निसटतं. आम्ही मुलांची नावं आणि वजनं आधी मागतो ती यासाठीच. पोषाखाशी जुळणारे रंग मिळतात का, असंही विचारून झालं आहे. नारिंगीच मिळतो.

नर्मदामैयाची ओटी पाण्यात सोडता येईल?

ओटी काठावर भरा, घाटावर. खण-नारळ तिथल्या सवाष्णीला दिलेला उत्तम. बोटीवरून हार, पत्रावळ, उरलेलं अन्न, केकचा पुठ्ठा, काहीही पाण्यात टाकायचं नाही. हार बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकला तर बोट मध्येच उभी राहते. समुद्रातही किनाऱ्याजवळ अन्न टाकायला मनाई आहे आणि प्लॅस्टिकला तर कुठेच परवानगी नाही. कचऱ्याच्या गोण्या आम्ही मोजून नेतो आणि मोजून परत आणतो.

खर्च कसा धरायचा, आणि बोट रद्द झाली तर?

बोटीचं भाडं किंवा तिकिटं, जेवण, गाड्या, काठावरची खोली, सजावट हे ठळक भाग. लोक विसरतात ते म्हणजे सामान चढवण्या-उतरवण्याची मजुरी, बोट थांबवून ठेवली तर तासाचे पैसे, आणि अनामत. करारात तीन ओळी आम्ही लिहून घेतोच: हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, उशीर आपल्याकडून झाला तर किती वेळ थांबणार, आणि ठरलेली बोट बिघडली तर बदली बोट कोणती, तिची क्षमता किती. तोंडी "होऊन जाईल, भाई" यावर आगाऊ रक्कम देऊ नका. काठावर पर्यायी जागा आम्ही प्रत्येक वेळी धरून ठेवतो. बोट नाही निघाली तर जेवण तिथे वाढतो, अन्न फुकट जात नाही.

आमच्या बाजूने: सात दिवस आधी रद्द केलंत तर जेवणाचा फक्त किराणा कापतो. आदल्या रात्री केलंत तर पूर्ण पैसे, कारण तोवर चक्का टांगलेला असतो.

किती आधी यायचं?

बडोद्याहून हजीऱ्याला साडेतीन तास धरा, सुरतेच्या वाहतुकीसाठी अर्धा तास वेगळा. गाडी चढवायची असेल तर सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर हवं. एकतानगरला बस ठरवा किंवा प्रतापनगरहून रेल्वेने जा, ते स्टेशन २०२१ मध्ये सुरू झालं. पत्रिकेत बोट सुटण्याची वेळ छापू नका, त्याआधी एक तासाची छापा. दांडिया बाजारातून निघणारे काका कोणत्या वेळेला निघतात ते सगळ्या घरांना माहीत असतं.

फेरीवर गाडी नेली तर प्रवासात तिच्यात जाऊन सामान काढता येतं का?

नाही. बोट सुटली की गाड्यांचा डेक बंद होतो आणि पलीकडे लागेपर्यंत खाली जाऊ देत नाहीत. अंगठ्या, औषधं, बाळाचं दूध, केक कापायची सुरी आणि आहेराची यादी वर घेऊन या. हॅंडब्रेक ओढा, गाडीचा अलार्म बंद करा, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने तो चार तास वाजत राहतो.